वाड्यातली ट्रंक निघाली आहे, कागद कुठे द्यावेत? (नाशिक)

गढीवरचा | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

भांडी बाजाराच्या मागच्या बोळातला आमचा वाडा अखेर बिल्डरला दिला. पाच काका-आत्यांच्या सह्या जमायला अकरा वर्षं लागली, सामान हलवायला मात्र अकराच दिवस मिळाले. खांब, तुळया, दिंडी दरवाजा लाकूडवाल्याने आधीच मोजून नेलं, कुठल्यातरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात लागेल. देव धाकट्या काकांकडे गेले. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कोणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. सध्या हॉलमध्ये टीव्हीखाली आहे. बायको तोंडाने काही बोललेली नाही, पण डांबरगोळ्यांची दोन पाकिटं आणून वर ठेवली आहेत.

आत काय निघालं ते सांगतो. मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे जाड कापडात (खारव्यात) बांधलेले गठ्ठे. त्यातला एक कधीतरी भिजून वाळलाय, कागदांची पार वीट झाली आहे. पणजोबांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या चौदा खतावण्या. आणि आजीची एक शंभरपानी वही. वहीत वाणसामान, कोणाच्या लग्नात काय आहेर आला, आणि मधेच 'आज गंगा दुसऱ्या पायरीला' असल्या ओळी (गंगा म्हणजे आमची गोदावरी).

घरात मतं तीन. थोरले काका म्हणतात, पितरांचं आहे, रामकुंडावर जाऊन गंगेत सोड. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, सगळं पुण्याला दे, तिथे कदर आहे. मला वाटतं नाशिकचं नाशिकात राहावं. म्हणून मागच्या आठवड्यात इथल्याच एका ठिकाणी (नाव नको) चौकशीला गेलो. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. पण "पोच मिळेल का, यादी करून देऊ का?" विचारलं तर म्हणाला, "पोच कशाला? ठेवा ना तिकडे." तिकडे म्हणजे जिन्याखाली. तिथे आधीच चाळीसएक गाठोडी होती, एकावरही चिठ्ठी नाही. मी चहा पिऊन परत आलो.

जाणकारांनी सांगा, काय करू?

---

तर्कटपंत | शुक्रवार, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्रत्येक वाड्यात अशी ट्रंक असते. निम्म्या कागदांत 'अमक्याने तमक्याला पाच रुपये दिले' एवढंच असतं. सगळं जपायचं ठरवलं तर नाशिकला अजून एक गोदाम बांधावं लागेल. फोटो काढा, रद्दी द्या, मोकळे व्हा.

---

बोरू_आणि_दौत | शनिवार, सकाळी ६:५०

गढीवरचा, आधी त्या डांबरगोळ्या काढा. वास कागदात मुरतो आणि नंतर वाचणाऱ्याचं डोकं उठतं. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि त्याऐवजी वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून ठेवायला सांगा.

ती वीट उलगडायचा प्रयत्न अजिबात करू नका. सुरी, वाफ, इस्त्री काही नको. काजळीची शाई उन्हाने विटत नाही, पण ओल लागली की तिच्यातला डिंक सुटतो आणि दोन कागदांची अक्षरं एकमेकांवर उमटतात. ते काम कागदाच्या डॉक्टरचं. उन्हात वाळवू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. एका कुटुंबाने भक्तिभावाने सनद लॅमिनेट करून आणली होती. प्लास्टिकच्या आत ती पिवळी पडत गेली आणि आम्ही बाहेरून बघत बसलो.

उरलेले दोन रुमाल सोडण्याआधी बांधलेल्या अवस्थेत चारही बाजूंनी फोटो घ्या. गाठ कुठे होती, वरचा कागद कोणता, खालचा कोणता, ते टिपून ठेवा. रुमाल बांधणाऱ्याने काहीतरी विचाराने बांधलेला असतो. आपण पत्त्यांसारखे पिसले की तो विचार गेला. आणि आकडे कागदावर घालायचे नाहीत, वेगळ्या पाकिटावर पेन्सिलीने घालायचे.

तर्कटपंत, 'अमक्याने तमक्याला पाच रुपये दिले' याची किंमत २०२३ साली तहसील कचेऱ्यांत जाऊन बघायची होती. कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. तोवर त्याच दप्तरांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

---

गढीवरचा | शनिवार, सकाळी ९:१५

बोरूकाका, गोळ्या काढल्या. एका रुमालाच्या अगदी वरच्या कागदाचा फोटो डकवतो आहे. दुसरी ओळ मला 'सलास सबैन मया व अलफ' अशी लागतेय. हे काय प्रकरण?

---

बोरू_आणि_दौत | शनिवार, सकाळी ९:४०

वा! बरोबर लागलीय. हा सुहूर सन. अरबी आकडे अक्षरांत आणि उलट्या क्रमाने, एकं आधी. सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११७३. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जूनच्या मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १७७२-७३चा. थोरले माधवराव गेले ते हेच वर्ष. मजकूर मात्र तसला काही नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांचं भांडण दिसतंय.

---

तर्कटपंत | शनिवार, सकाळी ९:४८

भांडण. बघा, मी म्हटलंच होतं. 🙂

---

लेणीवेडी | शनिवार, दुपारी १२:२०

पंत, पांडवलेणीवर गेला असाल ना? दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यातही पैशाचाच हिशेब आहे हो. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले, तेही इथल्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे. एकीकडे २००० महिना शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. करा गणित. २००० चं महिन्याला २० व्याज, वर्षाचं २४०, भागिले २०. बरोबर १२! मी पहिल्यांदा हा हिशेब लेण्यातच बोटांवर केला होता आणि शेजारी सेल्फी काढणाऱ्या पोरांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं होतं.

पण मला खरी आवडते ती त्याच्या पुढची ओळ. हे सगळं निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवलं, आणि 'निबध च फलकवारे', म्हणजे दप्तरात रीतसर नोंदवलं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या या गोवर्धनात नोंदी ठेवण्याची जागा होती. आणि तुम्हाला जिन्याखालचा कोपरा दाखवला गेला.

---

पंचवटीकर | शनिवार, दुपारी १:०५

लेणीवेडीताई, +१. तसं दप्तर आजही आहे की, गंगेवर. रामकुंडावर कोणी श्राद्धाला आला की आमचे तीर्थोपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात आणि घरातून चोपडी आणतात. त्यात त्याच्या पणजोबाने सही केलेली सापडते, कधी मोडीत, कधी नुसता अंगठा. कोण कधी आलं, कोणासाठी आलं, बरोबर कोण होतं. कोणाचं अनुदान नाही, इमारत नाही, पिढ्यान्‌पिढ्या घरातच सांभाळलंय. आलेल्या यजमानाकडून पुढची नोंद करून घेतल्याशिवाय त्याला सोडत नाहीत, म्हणून ते चालू राहिलं. ज्या दप्तरात नवीन नोंद पडत नाही, ते वाळवीचं.

तुमच्या थोरल्या काकांना म्हणावं, गंगेत सोडू नका. अशाच भक्तीने किती पोथ्या बुडाल्या ते गंगेलाच ठाऊक.

---

दूरदेशी | शनिवार, रात्री ८:३०

न्यू जर्सीहून राम राम. भावनिक होण्यात अर्थ नाही. ६०० डीपीआयला सगळं स्कॅन करा, इंटरनेटवर चढवा, मूळ कागद कुठेही जाऊ दे. माहिती महत्त्वाची, कागद नव्हे.

---

खणखणीत | शनिवार, रात्री ९:५५

स्कॅन जरूर करा, पण 'मूळ कुठेही जाऊ दे' याला माझा कडाडून विरोध. का ते नाण्यांवरून सांगतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

१९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. म्हणजे हरलेल्या राजाचं चलन गोळा केलं, वितळवत न बसता त्याच्याच तोंडावर आपली मोहोर ठोकली आणि बाजारात परत सोडलं. तिकडे लेणीवेडीताईंच्या त्याच डोंगरात तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात तिचा हा मुलगा क्षहरातांचं, म्हणजे नहपानाच्या घराण्याचं, नामोनिशाण मिटवणारा म्हटलाय. दगड बढाई मारतोय असं कोणी म्हणू शकलं असतं. चांदीने साक्ष दिली.

आता बघा, हा साठा सापडल्या सापडल्या सुटा सुटा विकला गेला असता तर? प्रत्येक नाणं आजही असतं, आणि प्रत्येकाचा झकास फोटोही असता. पण तेरा हजारांत नऊ हजार, हे प्रमाण कोणालाच कळलं नसतं. सगळं एका जागी, एका वेळी मोजलं गेलं म्हणून तो इतिहास झाला, नाहीतर सराफाकडची मोड.

म्हणून गढीवरचा, मोडी पुण्याला, खतावण्या कोणा संग्राहकाला, वही तुमच्या कपाटात, असं करू नका. ट्रंक ही एक वस्तू आहे. ती फोडू नका.

अवांतर: अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभी केलेली. अर्धे नाशिककर तिच्यावरून त्र्यंबकेश्वरला जातात, आत शिरत नाहीत. आणि वाडा पाडताना नाणी निघाली तर गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं.

---

दगडफोड्या | शनिवार, रात्री १०:२०

खणखणीत यांच्याशी सहमत. आमच्या दगडांचंही तेच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले ते हिरवे-पांढरे स्फटिक बघून लोक 'हे परदेशातून आणले का?' विचारतात. अहो, आपल्याच काळ्या कातळाच्या पोटातल्या पोकळ्यांत ते वाढले! विहीर खोदताना, खाणीत सुरुंग लावताना बाहेर आले. जगभरच्या संग्रहालयांत नाशिकचे झिओलाइट आहेत. पण खालची खाणीच्या नावाची चिठ्ठी हरवली की तोच स्फटिक नुसता शोभेचा दगड होतो, अभ्यासकाच्या कामाचा उरत नाही.

---

ठोक्याचं_पितळ | रविवार, सकाळी ७:३०

मी तांबटाच्या घरातला. सगळे मोडीच्या मागे लागलेत, मला त्या चौदा खतावण्या हव्या आहेत. म्हणजे वाचायला, न्यायला नाही. बंबाची मजुरी शेरावर लावलीय की नगावर? मठारायचे (ठोके देऊन भांडं घोटायचे) वेगळे पैसे आहेत का? मोड किती कापून घेत होते? आणि सगळ्यात मुख्य, कारागिरांची नावं आहेत का? भांड्यावर दुकानदाराचं नाव पडतं, घेणाऱ्याचंही कोरतात, ठोकणाऱ्याचं कधीच नाही. माझे आजोबा घंगाळं ठोकत. आयुष्यभर ठोक्यांनी दोन्ही कान गेले होते. त्यांचं नाव रेशनकार्ड सोडून कुठल्याही कागदावर मी पाहिलेलं नाही.

---

गढीवरचा | रविवार, सकाळी ११:१०

ठोक्याचं_पितळ, रात्री दोन खतावण्या चाळल्या. गिऱ्हाईकाचं खातं वेगळं, घडणावळीचं वेगळं. घडणावळीच्या खात्यात नावं आहेत, पहिलीच नावं, आडनाव नाही. एकाच्या नावापुढे दर शनिवारी दोन आणे उचल आणि पुढे बारीक अक्षरात 'कान दुखतो म्हणून औषधास'. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर ते पान परत काढून बघितलं.

आता आजीच्या वहीबद्दल. मला ती घरगुती वाटली होती, म्हणून नीट सांगितलं नाही. पावसाळ्याच्या ओळी अशा आहेत:

'गंगा पहिल्या पायरीला. संध्याकाळी उतरली.'
'गंगा तिसऱ्या पायरीला. हंडे तरंगून दाराशी आले.'
'१९६९. गंगा जोत्यावरून आत. चूल माडीवर मांडली. तीन दिवस पिठलं.'

---

पंचवटीकर | रविवार, सकाळी ११:२५

अरे, हे घरगुती?? आम्ही पूर कसा मोजतो? नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. सरकारवाड्याच्या पायरीला. आणि फारच झालं तर नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला. तुमच्या आजीने आपल्या बोळातली पट्टी स्वतः तयार केली होती.

---

लेणीवेडी | रविवार, सकाळी ११:३२

आणि ती नारोशंकराची घंटा तरी कुठली? वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, वसई पडली १७३९ला आणि देऊळ झालं १७४७ला. चर्चची घंटा देवळात लागली आणि नाशिककरांनी तिला पूरमापक केलं. वस्तू जागच्या जागी कामात असली की तिला काचेची पेटी लागत नाही. रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद) तशाच, वर्षभर रस्त्याखाली गाडलेल्या आणि एक दिवस उघडणाऱ्या.

---

बोरू_आणि_दौत | रविवार, दुपारी १२:०५

गढीवरचा, एक प्रश्न. 'तिसरी पायरी' म्हणजे कुठली? घाटाची की वाड्याची? खालून तिसरी की वरून? आणि त्या पायऱ्या अजून आहेत का?

---

गढीवरचा | रविवार, दुपारी १२:११

वाड्याच्या. बोळातून जोत्यावर चढायच्या पाच पायऱ्या. आजी खालून मोजायची.

आहेत. उद्या सकाळी जेसीबी येतोय.

---

खणखणीत | रविवार, दुपारी १२:१३

मग धाग्यावर काय बसलाय? पळा!

---

ठोक्याचं_पितळ | रविवार, दुपारी १२:२०

मी येतो. टेप आहे. नुसती पायरीची उंची घेऊन उपयोग नाही, पायऱ्या गेल्या की ती उंची कशापासून मोजणार? गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणतो. पायरीची पातळी नळीने एखाद्या न हलणाऱ्या जागेवर नेऊन ठेवू. बोळाच्या तोंडाशी महादेवाचं छोटं देऊळ आहे ना, त्याचं दगडी जोतं चालेल.

---

दूरदेशी | रविवार, रात्री ९:०० (त्यांच्याकडे सकाळ)

झोपेतून उठून बघतो तर धागा पायऱ्यांवर गेलाय. 🙂 माझं कालचं विधान थोडं मागे घेतो. वही स्कॅन झाली असती, पायरी नाही. मोजलंत का?

---

गढीवरचा | रविवार, रात्री ११:४५

मोजलं. तिघे होतो, मी, पितळराव आणि पंचवटीकर (ते भेटतील असं वाटलं नव्हतं, भजी घेऊन आले). नळीत बुडबुडा अडकत होता, तीनदा पाणी भरलं. पहिली पायरी साडेसात इंच, दुसरी आठ, तिसरी आणि चौथी साडेसात, पाचवी नऊ. आजीला पाचव्या पायरीवर दर वेळी धाप लागायची, त्याचं कारण आज कळलं. तिसऱ्या पायरीची पातळी देवळाच्या जोत्याच्या वरच्या कडेपासून अकरा इंच खाली येते. पुजाऱ्यांना विचारून कडेखाली बारीक खूण केली, फोटो घेतले, आणि वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर न लिहिता (बोरूकाका, लक्षात आहे) वेगळ्या कागदावर सगळं लिहून वहीबरोबर पाकिटात ठेवलं.

ट्रंकेचं म्हणाल तर ती फुटणार नाही, हे नक्की. यादी आधी होईल, रुमालांचे फोटो होतील, मग बोलणी. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आणि त्यांच्याकडे पोथ्या-हस्तलिखितांचा संग्रहही आहे, म्हणून पहिली चौकशी तिथे. भिजलेल्या रुमालासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे मंडळात सल्ला विचारेन, सल्लाच फक्त. जिथे कुठे देईन तिथे यादीच्या दोन प्रती आणि दोन्हींवर सही-शिक्का. त्याशिवाय ट्रंक टीव्हीखालून हलणार नाही. बायकोने वर क्रोशाचा रुमाल घातलाय.

तर्कटपंत, यादी करायला पुढच्या रविवारी हात हवे आहेत. येताय का?

---

तर्कटपंत | सोमवार, सकाळी ७:०५

येतो. विहिरीच्या भांडणाचा निकाल काय लागला, ते आधी कोणीतरी वाचून सांगा.